फिश टँकला सम्प लावताय? आधी निकास मोजा, मग पंप घ्या

गेल्या वर्षी मृग लागला होता, पऱ्हे टाकायचे म्हणून धानाच्या बियाण्याच्या चार पिशव्या समोरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि त्याच भिंतीला माझा चार फुटी फिश टँक. रात्री वारा सुटला, लाईन गेली, अडीचच्या सुमारास आली असेल. सकाळी माय झाडायला उठली तर खोलीभर पाणी. "काहाले रे, घरातच बांधी भरली का?" दोन पिशव्या खालून भिजल्या, ते बियाणं लगेच पेरावं लागलं, बाकीचं आठ दिवसांनी.

पंप बिघडला नव्हता, पाईप फुटला नव्हता, काच तडकली नव्हती. तोच सेटअप त्याआधी दीड महिना नीट चालला होता. म्हणून मी दोन दिवस सगळं सुरू-बंद करून पाहत बसलो, आणि जे कळलं ते इथे पूर्ण लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे लाईन दिवसातून चारदा जाते आणि सम्पवाल्या टँकचा खरा कस लाईन जाण्या-येण्यातच लागतो.

ज्यांना सम्प माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर मुख्य टँक, खाली स्टँडमध्ये दुसरी टाकी, तिला सम्प म्हणतात. वरच्या टँकच्या कोपऱ्यात काचेचा एक डबा असतो, त्याच्या काठावरून पाणी आत पडतं, डब्याच्या तळाच्या भोकातून पाईपने खाली सम्पमध्ये येतं, स्पंज-खड्यांतून गाळून शेवटच्या कप्प्यात जातं, आणि तिथला पंप ते परत वर फेकतो. वरून खाली येणारा पाईप म्हणजे निकास, खालून वर जाणारा म्हणजे रिटर्न.

आता मुख्य गोष्ट. रिटर्नला मोटरचा जोर आहे, निकासाला फक्त उतार आहे. शेतात पाच एचपीची मोटर बारक्या पाटात सोडली तर काय होतं ते कोणाला सांगायला नको, पाट जेवढं नेतो तेवढंच पुढे जातं, बाकीचं धुऱ्यावरून. फिश टँकमध्ये तो धुरा म्हणजे टँकची वरची काच. पण बरेच जण आधी "भारी" पंप आणतात आणि मग हार्डवेअरच्या दुकानात जो पाईप मिळेल तो निकासाला लावतात. मीही तेच केलं होतं, तासाला ४५०० लिटरचा पंप आणि एक इंची निकास.

दुसरा एक गैरसमज इथेच काढून टाकतो. काही जण वर एक आणि खाली एक असे दोन पंप लावतात, एक पाणी खाली टाकतो, एक वर, आणि दोन्ही सारखेच आहेत म्हणून बरोबर जमेल असं समजतात. ते कधीच जमत नाही. एकाच कंपनीचे एकाच दिवशी घेतलेले दोन पंपही नेमके सारखं पाणी देत नाहीत, तासाला दहा लिटरचा फरक असला तरी रात्रभरात शंभर लिटर इकडचं तिकडे होतं. निकास नेहमी उताराचाच हवा. त्यात सोय अशी की नेमकं जुळवायची गरजच राहत नाही, पंप जेवढं वर टाकेल तेवढंच काठावरून पडतं, पाणी स्वतःहून पातळी धरतं. अट एकच, पंप जेवढं जास्तीत जास्त देऊ शकतो त्यापेक्षा निकासाची ताकद बरीच जास्त असली पाहिजे. जुळवायचं म्हणजे सारखं करायचं नाही, निकासाला मोठा ठेवायचं.

पाणी किती फिरवायचं

माझा टँक ४ फूट बाय दीड बाय दीड. १२० गुणिले ४५ गुणिले ४० सेंटीमीटर पाणी धरलं तर २१६ लिटर. गोड्या पाण्याच्या टँकला सम्पमधून तासाला चार-पाच वेळा पाणी फिरलं तरी पुरतं, म्हणजे ९०० ते ११०० लिटर. यापेक्षा जास्त फिरवून पाणी जास्त स्वच्छ होतं असं काही नाही, उलट आवाज वाढतो, सम्पमध्ये बुडबुडे होतात, वीजबिल वाढतं. एंजल, गप्पीसारख्या मासोळ्यांना जोराचा प्रवाह तसाही आवडत नाही. टँकमध्ये पाण्याची हालचाल जास्त हवी असेल तर आत वेगळा वेव्हमेकर लावा, ते काम रिटर्न पंपाकडून करून घेऊ नका.

निकासात पाणी कसं चालतं हे आधी समजून घ्या

हा भाग नीट वाचा, माझ्या घरात पाणी याच्यामुळेच झालं.

उभ्या पाईपात पाणी दोन प्रकारे उतरतं. एक, पाईपच्या भिंतीला धरून पाणी आणि मधून हवा, म्हणजे उघडा निकास. एक इंची पाईपात असं साधारण हजार-बाराशे लिटर तासाला शांतपणे उतरतं. दुसरा प्रकार म्हणजे पाईप काठोकाठ पाण्याने भरलेला, हवा अजिबात नाही, तेव्हा वरचं पाणी खालच्या वजनाने ओढलं जातं, आपण ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीने डिझेल काढतो तसं. याला सायफन म्हणतात आणि तोच एक इंची पाईप मग तीन हजार लिटर किंवा त्याच्याही वर नेतो. पाईप तोच, पण ताकद तिप्पट.

माझा ४५०० चा पंप प्रत्यक्षात तीनेक हजार लिटर वर टाकत होता आणि निकास दीड महिना सायफनवर चालत होता, म्हणून पाणी कधी वर आलं नाही. त्या रात्री लाईन गेली तेव्हा वरचं थोडं पाणी खाली आलं, सम्पमधली पातळी दहा-पंधरा सेंटीमीटर वाढली आणि निकासाच्या पाईपचं खालचं तोंड तेवढं खोल पाण्यात गेलं. पाईपात हवा भरलेली. लाईन आली, पंप सुरू झाला, वरून पाणी यायला लागलं, पण आतल्या हवेला खालून निघायला जागा नाही, कारण तोंड खोल पाण्याखाली, आणि वरून पाणी दाबून बसलेलं. सायफन पकडलाच नाही, पाईप गुडगुड करत थोडंथोडं पाणी सोडत राहिला आणि पंप मात्र तीन हजारच्या वेगाने भरत राहिला. आधी प्रत्येक वेळी सायफन पकडायचा, त्या रात्री नाही पकडला, एवढंच.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवा. उघडा निकास असेल तर पंपाचं पाणी त्याच्या उघड्या ताकदीतच बसलं पाहिजे, सायफनच्या भरवशावर हिशोब करायचा नाही. आणि निकासाचं खालचं तोंड सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटीमीटरच बुडालेलं ठेवायचं, जास्त खोल नाही.

पाईप आणि भोकं

टँक बनवतानाच काचवाल्याला दोन भोकं करायला सांगा, एक रोजच्या निकासाचं, एक आणीबाणीचं. टफन काचेला नंतर भोक पडत नाही, ती फुटूनच जाते, म्हणून तयार टँक असेल तर काच साधी आहे का टफन हे आधी पक्कं करा. काठापासून भोक निदान भोकाच्या व्यासाएवढं तरी आत घ्या. भोकात प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाकीला लावतात तेच टँक निपल बसतं, रबरी वॉशरसकट. निपल आधी विकत आणून मोजा आणि मग भोक पाडा, कारण एक इंची निपलला भोक एक इंचापेक्षा बरंच मोठं लागतं.

भोक न पाडता काठावरून पाईप वळवून केलेला ओव्हरफ्लो व्हिडिओत छान दिसतो. पण त्याचा सायफन तुटला की निकास शून्य. जिथे लाईन सारखी जाते तिथे मी तो कोणालाच लावायला सांगणार नाही.

पाईप घेताना आपल्याकडे एक घोळ हमखास होतो. शेतीच्या पाईपचं माप मिलिमीटरमध्ये आणि बाहेरून असतं, ३२, ४०, ५०. नळफिटिंगचं माप इंचात. शेतीचा ३२ चा पाईप एक इंची नळफिटिंगमध्ये बसल्यासारखा वाटतो पण नळाच्या एक इंची पाईपचं बाहेरचं माप ३३.४ मिलिमीटर असतं, तो जवळपास दीड मिलिमीटरचा फरक कितीही सोल्युशन लावा भरून निघत नाही, दोन महिन्यांनी थेंब लागतोच. घरी शेतातला पाईप पडून आहे म्हणून तो लावू नका, सगळं एकाच प्रकारचं घ्या.

निकासाला काटकोनी एल्बो शक्यतो टाळा, ४५ अंशाचे दोन लावा. आडवा पाईप लांब नको, आणि लागलाच तर त्याला उतार द्या. निपलपेक्षा पुढचा पाईप बारीक तर कधीच नको. मी जुनं एक इंची भोक आणीबाणीसाठी ठेवलं आणि रोजच्या निकासाला सव्वा इंचीचं नवीन पाडून घेतलं. डब्यातल्या उभ्या पाईपवर टी लावून एक तोंड खाली वळवलं आणि वरच्या टोपीला बारीक भोक पाडलं, म्हणजे हवा हळूहळू आत जाते आणि ते घुटघुट ओढल्याचा आवाज बंद होतो. याला ड्यूर्सो पाईप म्हणतात.

आणीबाणीचा पाईप म्हणजे आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा सांडवा. पावसाळ्यात तलावाची पाळ सांडव्यामुळेच वाचते, पण तो रोज वाहत नाही. तसाच या पाईपचं तोंड रोजच्या पातळीपेक्षा तीनेक सेंटीमीटर वर आणि टँकच्या काठापेक्षा खाली ठेवायचं. रोज कोरडा. त्याच्यावर चाबी (व्हॉल्व्ह) लावायची नाही, जाळी लावायची नाही, आणि खालचं तोंड सम्पच्या पाण्याच्या वरच ठेवायचं, म्हणजे पाणी पडलं की आवाज येतो आणि घरातल्या कोणालाही कळतं.

पंप निवडताना

पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणजे पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचा. बाजूला कमाल उंची दिलेली असते, तेवढ्या उंचीवर पाणी शून्य. मधला हिशोब मोटामोटी सरळ धरला तरी चालतो. समजा पंप २५०० लिटरचा, कमाल उंची अडीच मीटर, आणि तुमच्या सम्पच्या पाण्यापासून वरच्या टँकच्या पाण्यापर्यंत १.१ मीटर. तर १.१ भागिले २.५ म्हणजे ४४ टक्के गेले, उरले १४००. एल्बो आणि पाईपच्या घासणीत आणखी जातात, हातात अकराशे-बाराशे येतात. मला तेवढेच हवे होते.

कूलरचा पंप लावू का, हे आपल्याकडे सगळेच विचारतात, कारण उन्हाळा संपला की तो घरात पडून असतो. नको. त्याची कमाल उंची बहुतेक पावणेदोन मीटरच्या आसपास असते, सम्पमधून वर चढेपर्यंत धार बारीक होते, आणि तो चोवीस तास बारा महिने चालवायसाठी बनवलेला नसतो.

बादलीने मोजणी

कागदावरचा हिशोब झाला, आता खरं पाणी मोजा. १५ लिटरची बादली आधी लिटरच्या बाटलीने मापून तिच्यावर १५ ची खूण करा. रिटर्नच्या तोंडाला नळी लावून बादली टँकच्या पाण्याच्या उंचीवरच धरा, खाली जमिनीवर ठेवली तर पाणी जास्त दिसेल आणि मोजणी चुकेल. मोबाईलवर सेकंद मोजा. ५४००० ला सेकंदांनी भागा, ते तासाचे लिटर. ५४ सेकंद लागले तर १०००, ३६ लागले तर १५००, २७ लागले तर २०००. तीनदा मोजून मधला आकडा धरा.

निकासाची ताकद मोजायला रिटर्नवर चाबी हवी. आणीबाणीच्या पाईपला तात्पुरती टोपी घाला, शेजारी एक माणूस उभा ठेवा, प्लगचं बटन त्याच्या हाताशी. चाबी पाव उघडून दोन-तीन मिनिटं थांबा, डब्यातलं पाणी कुठे स्थिर झालं ते काचेवर मार्करने लिहा. थोडी आणखी उघडा, परत थांबा. एका जागी असं होतं की पातळी स्थिर न राहता चढतच जाते किंवा खाली-वर हिंदकळायला लागते आणि पाईप मधेच जोरात ओढतो. तो उघड्या निकासाचा शेवट. चाबी तिथेच ठेवून रिटर्नची धार बादलीने मोजा. माझ्या सव्वा इंचीला जुन्या ४५०० च्या पंपावर २७ सेकंद आले, म्हणजे २००० लिटर. रोज चालवतो ११००, निम्म्याहून थोडं जास्त. निम्म्या ते साठ टक्क्यांच्या वर मी जाणार नाही, कारण पाईपात शेवाळ आणि क्षार साचणारच आहेत. मोजणी झाल्यावर आणीबाणीच्या पाईपची टोपी काढायला विसरू नका!

तुमचा मोजलेला पंप जास्त निघाला तर चाबी पंपाच्या पुढे, रिटर्नवर दाबा. फिश टँकच्या पंपाला पुढून दाबलेलं चालतं, पण पाणी ओढायच्या तोंडाशी अडवलेलं चालत नाही, कोरडा चालून गरम होतो. आणि उघड्या निकासावर चाबी लावून पाणी कमी करायचं तर मुळीच नाही.

ज्यांना अजिबात आवाज नको त्यांनी सायफन मुद्दाम वापरायची पद्धत करावी, एक पाईप चाबी लावून पूर्ण भरलेला आणि दुसरा उघडा, आणि शक्य असेल तर तिसरा कोरडा. त्याला बॉल व्हॉल्व्हपेक्षा गेट व्हॉल्व्ह बरा, कारण बॉल व्हॉल्व्ह केसभर सरकला तरी पाणी एकदम बदलतं. पण ज्या गावात लाईनचं असं आहे तिथे मी साधा उघडा निकासच सांगेन, थोडा आवाज येतो पण तो दर वेळी स्वतःहून सुरू होतो.

डब्याच्या काठाकडेही पाहा. ३० सेंटीमीटर सलग काठावरून एक सेंटीमीटर जाडीचं पाणी पडलं तर तासाला साधारण २००० लिटर जातात. मासोळ्या जाऊ नयेत म्हणून दाते कापले की निम्मा काठ बंद होतो, म्हणजे निम्मं पाणी. माझ्या ११०० लिटरला पाणी काठावर सेंटीमीटरभर चढून चालतं.

लाईन जाते तेव्हा

आता प्लग काढा आणि काहीही न करता पाहत बसा. टँकचं क्षेत्रफळ १२० गुणिले ४५, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की ५.४ लिटर खाली येतात. काठावरचा एक सेंटीमीटर तर येणारच. पण रिटर्नचं तोंड टँकमध्ये दहा सेंटीमीटर बुडालेलं असेल तर तो पाईप उलटा सायफन होतो आणि पाणी तोंड उघडं पडेपर्यंत येत राहतं, ५४ लिटर. म्हणून रिटर्नच्या पाईपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, सेंटीमीटरभर, एक पाच मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी तिथपर्यंत उतरली की पाईप हवा ओढतो आणि सायफन तुटतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) लावून निश्चिंत होऊ नका, त्यात एक गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो.

माझा हिशोब असा, काठाचे ५.४, भोकापर्यंतचे ५.४, डबा आणि पाईपातले चार-पाच, मिळून १६ लिटर. माझा सम्प ९० बाय ३५ चा, त्याला हे पाच सेंटीमीटर होतात, मी आठ-नऊ रिकामे ठेवतो. पाणी उतरून थांबलं की सम्पच्या काचेवर खूण करा, मग पंप सुरू करून पातळी बसली की दुसरी खूण. पाणी भरायचं ते पंप चालू असताना आणि फक्त खालच्या खुणेपर्यंत. घरच्यांनाही ही खूण दाखवून ठेवा, आमच्याकडे पाहुण्यांच्या पोराने सम्प रिकामा दिसतो म्हणून दोन बादल्या ओतल्या होत्या.

हे एकदा करून भागत नाही. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, लावा, असं दहा वेळा करा. मग तीस सेकंदांतच परत लावा, मग दोनदा झटपट, कारण वादळात लाईन तशीच येते-जाते. प्रत्येक वेळी डब्यातलं पाणी तुमच्या मार्करच्या खुणेवर येऊन थांबलं पाहिजे. माझा जुना सेटअप या परीक्षेत सातव्या वेळी नापास झाला, पहिल्या सहा वेळा काही झालं नाही.

निकास पूर्ण बुजला तर

पाईपात चिंधी कोंबून दोन्ही निकास बंद करा आणि पंप चालू ठेवा. बटनापासून हलू नका. पंप शेवटच्या कप्प्यातलं पाणी वर टाकेल आणि कप्पा रिकामा झाला की हवा ओढायला लागेल, तोपर्यंत वरचा टँक सांडला नाही पाहिजे. माझा शेवटचा कप्पा २५ बाय ३५, पंपाच्या तोंडावर १५ सेंटीमीटर पाणी, म्हणजे १३ लिटर. वर चार सेंटीमीटर जागा मोकळी, म्हणजे २१ लिटर मावतात. पूर्वी माझा सम्प कप्पे न पाडलेला एकच टब होता, म्हणून त्या रात्री पंपाला ओढायला सगळंच पाणी मिळालं.

छोट्या कप्प्याची एक अडचण आपल्या मे महिन्यात कळते. पाणी आटतं ते सगळं याच कप्प्यात दिसतं, वरची पातळी हलत नाही. कूलर-पंखा चालू असला की माझ्याकडे दिवसाला चार-पाच लिटर जातात, म्हणून सकाळ-संध्याकाळ भर घालावीच लागते. भर घालायला बोअरचं पाणी वापरत राहिलात तर क्षार वाढतच जातात, कारण आटतं ते फक्त पाणी. मी पावसाचं नाहीतर फिल्टरचं टाकतो.

पंपाच्या प्लगला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच लावा, ३० मिलिॲम्पियरचा, आणि अर्थिंग खरंच चालू आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. वायर बोर्डात जायच्या आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून आलेला थेंब झोळातच गळतो. कमी व्होल्टेजला पंप नुसता घुं-घुं करत असेल तर तो बंद करा, तसा ठेवला तर जळतो.

महिन्यातून एकदा तीन कामं. रिटर्नचं ते पाच मिलिमीटरचं भोक काडीने साफ करणं, निकासाच्या दात्यांत आणि पाईपात ब्रश फिरवणं, आणि बादली. आमच्या बोअरच्या पाण्याने पंपाच्या पंख्यावर पांढरा थर बसतो, तो निंबूच्या रसात नाहीतर व्हिनेगरमध्ये तासभर ठेवला की सुटतो, मग साध्या पाण्याने खळखळून धुवायचा. स्टँडच्या दाराच्या आतून मी पेन्सिलने सेकंद लिहून ठेवतो. दिवाळीला ४९ होते, संक्रांतीला ५२, परवा ५८ आले, म्हणून आज संध्याकाळी पंप खोलायला घेतलाय.